सोळा घरें आणि सहा मात्रा

कलेचें साधन बदललें म्हणजे त्या कलेचे उपासक दोन तटांत विभागले जातात. एक तट म्हणतो, कला बुडाली. दुसरा म्हणतो, कला मोकळी झाली. दोघांचीं भाषणें ऐकून रसिकाच्या हातीं फारसें कांहीं लागत नाहीं. कारण दोघेही साधनाविषयीं बोलत असतात, प्रत्यक्ष कृतीविषयीं कोणीच बोलत नाहीं. आमच्या वसई-विरारच्या पट्टींत गेल्या कांहीं वर्षांत असाच एक पालट घडून येत आहे. हळदीच्या मांडवांत आणि गणपतीच्या मिरवणुकींत ठेका धरणारीं विजेचीं वाद्यें, म्हणजे ऑक्टापॅड, ड्रम-मशीन, कीबोर्ड इत्यादि, हळूहळू मागें पडत असून त्यांचें काम लॅपटॉपवरील सॉफ्टवेअर करूं लागलें आहे. या गोष्टीची चर्चा वाङ्मयाच्या मासिकांत कशाला, असें कोणी विचारील. त्यावर माझें उत्तर असें कीं, हा प्रश्न मुळांत लयीचा आहे, आणि लय हा विषय ढोलकीचा जितका तितकाच कवितेचाही आहे.

या विषयाकडे माझें लक्ष एका जुन्या विद्यार्थ्यामुळें वळलें. तो विरारच्या पश्चिमेकडील एका कोळीवाड्यांत राहतो. त्याच्या घरीं बेंजो पार्टी आहे. बाहेरच्या वाचकांसाठीं सांगावयास हवें कीं, या पार्टींतला ‘बेंजो’ म्हणजे अमेरिकेंतलें त्या नांवाचें वाद्य नव्हे. टंकलेखनयंत्रासारख्या कळा दाबून वाजवावयाचें आपलें बुलबुलतरंगच तें, फक्त त्याला विजेची जोड दिलेली. त्याच्या भोवतीं कीबोर्ड, ढोलकी, ताशा आणि ऑक्टापॅड. जपानच्या रोलँड कंपनीनें हा आठ चौकोनांचा पॅड १९८५ सालीं काढला. काठीनें चौकोनावर आघात केला कीं त्याला नेमून दिलेला ध्वनि निघतो. मुंबई-कोंकणच्या वाद्यवृंदांत तो इतका रुळला आहे कीं, आतां त्याला परदेशी म्हणवत नाहीं. हा तरुण शाळेंत असल्यापासून ऑक्टापॅड वाजवीत आला. दोन वर्षांपूर्वीं त्यानें तो विकून लॅपटॉप घेतला, आणि मग एके दिवशीं एकाच कोळीगीताच्या दोन ध्वनिमुद्रित रचना घेऊन तो माझ्याकडे आला. पहिली पॅड व एक जुनें ड्रम-मशीन यांवर केलेली, दुसरी सर्वस्वीं सॉफ्टवेअरमध्यें. ‘सर, खरं सांगा, कोणती चांगली?’ असा त्याचा प्रश्न होता. त्या वेळीं मला नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें देण्याचा प्रयत्न येथें करीत आहें.

प्रथम जुन्या यंत्रांविषयींची भाबडी समजूत दूर केली पाहिजे. ‘पॅडमध्यें जीव होता, लॅपटॉपमध्यें नाहीं,’ असें आज म्हणणारे लोक हें विसरतात कीं, पॅड आला तेव्हां ढोलकीवाल्यांनीं त्याच्याविषयीं हेंच म्हटलें होतें. त्याच्याही आधीं हाच आक्षेप पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, घेतला गेला. तिच्या पट्ट्यांतून मींड निघत नाहीं, श्रुतींचे सूक्ष्म भेद तिला दाखवितां येत नाहींत, हा आक्षेप शास्त्रदृष्ट्या खराच होता. आणि त्याच्याच आधारें १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें पेटीला मज्जाव केला. ती बंदी सैल व्हावयास १९७१ साल उजाडलें. परंतु त्या तीस वर्षांत महाराष्ट्रांत पेटी थांबली काय? ज्या रंगभूमीनें तिला घरांत घेतलें होतें, तिनें तिला बाहेर काढलें नाहीं. गोविंदराव टेंबे यांनीं तर पेटीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली होती. जें वाद्य मींड देऊं शकत नाहीं, त्याच्याकडून मींडेचा आभास कसा घ्यावा, हें टेंब्यांसारख्या वादकाला ठाऊक होतें. आक्षेप यंत्रापुरता खरा होता, वादनापुरता खरा नव्हता.

यंत्राच्या उणेपणांतून नवी रचना कशी उभी राहते याचें याहूनही चमत्कारिक उदाहरण मुंबईंतच घडलेलें आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे वादक. १९८२ सालीं त्यांनीं रोलँड कंपनीचीं तीन यंत्रें घेतलीं : टीआर-८०८ हें ठेक्याचें, टीबी-३०३ हें खर्जाच्या स्वरांचें आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. या तिघांवर त्यांनीं दहा राग डिस्कोच्या ठेक्यांत वाजवून एक ध्वनिमुद्रिका काढली. तिच्याकडे तेव्हां फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. पुढें १९८७ च्या सुमारास शिकागोंत ‘अ‍ॅसिड हाउस’ नांवाचा जो नृत्यसंगीताचा प्रकार उदयास आला, त्याचा ध्वनि या मुद्रिकेंत पांच वर्षें आधीं ऐकूं येतो, असें २०१० सालीं तिचें पुनःप्रकाशन झाल्यावर जगभरच्या जाणकारांच्या ध्यानांत आलें. दोन्ही ठिकाणीं तेंच टीबी-३०३ होतें. तें निघालें होतें बेस गिटारची नक्कल करण्यासाठीं, आणि ती नक्कल त्याला मुळींच साधली नव्हती. मात्र एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाण्याची सोय त्यांत होती. शिकागोच्या तरुणांना तिच्यांत एक नवा आवाज सांपडला. सिंगांना तेंच यंत्र रागाच्या सोबतीला घ्यावेंसें वाटलें.

टीआर-८०८ ची कथाही अशीच आहे. १९८० ते १९८३ एवढ्याच काळांत तें बनविलें गेलें. सुमारें बारा हजार यंत्रें निघालीं. खऱ्या ढोलासारखा आवाज त्यांतून निघत नाहीं म्हणून वादकांनीं नाकें मुरडलीं. त्याच सालीं अमेरिकेंत रॉजर लिन यांनीं एलएम-१ हें यंत्र काढलें. त्यांत खऱ्या ढोलांचे ध्वनि साठविलेले होते. तरीही पुढल्या चाळीस वर्षांच्या संगीतावर ८०८ च्या त्या खोट्या, घुमणाऱ्या ठोक्याची जेवढी छाप पडली तेवढी क्वचितच दुसऱ्या यंत्राची पडली असेल. त्या पेटीवर एका ओळींत सोळा कळा होत्या. ज्या कळेवर ठोका हवा ती दाबावयाची कीं दिवा लागे. एका दृष्टिक्षेपांत सारा ठेका समोर दिसे, आणि त्यापलीकडे फारसें कांहीं करतां येत नसे. जें करतां येत नसे तें डोळ्यांसमोर असे, हें येथें लक्षांत ठेवावयाचें आहे.

आतां सॉफ्टवेअरकडे वळूं. यंत्रांनीं एकमेकांशीं बोलावें यासाठीं १९८३ सालीं ‘मिडी’ ही सर्वमान्य संकेतपद्धति ठरली, तेव्हांच या पालटाचा पाया घातला गेला. १९९६ मध्यें स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीनें संगणकाच्या आंतच ध्वनिसंस्काराचीं साधनें जोडण्याची रीति प्रचारांत आणली. पुढच्याच सालीं ‘रीबर्थ’ या स्वीडनमधील सॉफ्टवेअरनें ८०८ आणि ३०३ हीं दोन्ही यंत्रें जशींच्या तशीं पडद्यावर चितारलीं. बेल्जममध्यें तयार झालेलें ‘फ्रूटीलूप्स’, ज्याला आज एफएल स्टुडिओ म्हणतात, तेंही आरंभीं ठेक्याचें एक साधें यंत्रच होतें. म्हणजे सॉफ्टवेअरनें पेट्यांना घालवून देण्यापूर्वीं त्यांचीं रूपें अंगावर चढविलीं. सोळा कळांची ती ओळ गेली नाहीं. ती पडद्यावर सोळा घरें होऊन बसली. फरक इतकाच कीं पेटींत ती यंत्राची मर्यादा होती, आणि येथें ती नुसती एक सवय आहे. सॉफ्टवेअरला सोळाच काय, हव्या तितक्या घरांचा ठेका चालतो. पण तें उघडलें कीं आधीं सोळाच घरें समोर येतात, आणि पुष्कळशा सॉफ्टवेअरांत मिनिटाला १२० ठोके ही गति आधींच लिहिलेली असते.

आतां त्या दोन रचना. गाणें मूळचें त्याच्या आजीच्या तोंडचें, लग्नांत बायकांनीं म्हणावयाचें. पहिल्या रचनेंत आवाज मोजून सहा. ड्रम-मशीनचा एक सरळ ठोका, त्यावर हातानें वाजविलेला पॅड, आणि वर बेंजो. मुद्रण खरखरीत आहे, मध्येंच एके ठिकाणीं ठेका किंचित् पुढें पळतो. दुसऱ्या रचनेंत मीं मोजण्याचा प्रयत्न केला आणि तिसापुढें सोडून दिला. ढोलकी आहे, ताशा आहे, व्हायोलिनांचा ताफा आहे, समुद्राची गाजसुद्धां आहे. सारें स्वच्छ, सारें वेळेवर. आणि तरीही दुसरी रचना संपली तेव्हां मूळ गाण्याचें कांहीं तरी हरवलें आहे असें वाटत राहिलें. काय हरवलें तें मला सांगतां येईना. तें त्याच्या वडिलांनीं सांगितलें. ते ढोलकी वाजवितात. दुसरी रचना ऐकून ते एवढेंच म्हणाले, ‘बरं आहे रे, पण यात पाय कुठं टाकायचा?’

हें वाक्य मला एखाद्या परीक्षणाइतकें मोलाचें वाटतें. कोळीनाचाची चाल वल्ह्याच्या ओढीवरून आली आहे. ओढ आणि सोड. त्यांतली ओढ लांब, सोड आंखूड. म्हणून अशा कित्येक गाण्यांचा ठेका तीन-तीनच्या गटांत पडतो. माधवराव पटवर्धन, म्हणजे कवि माधव जूलियन, यांनीं ‘छंदोरचना’ या ग्रंथांत मराठी पद्यरचनेचीं आवर्तनें निरनिराळीं नांवें देऊन वेगळीं केलीं आहेत. आठ मात्रांचें तें पद्मावर्तन, सहा मात्रांचें भृंगावर्तन. त्यांच्या परिभाषेंत बोलावयाचें तर त्या आजीचें गाणें भृंगावर्तनी आहे. आणि पडद्यावरचीं सोळा घरें? तीं चार-चारचीं, म्हणजे पद्मावर्तनाच्या जातीचीं. सोळा घरांना सहानें भाग जात नाहीं. तरुणानें गाण्याचे शब्द ओढूनताणून सोळांत बसविले. जेथें ओढ लांब हवी तेथें ती आंखूड झाली, आणि जेथें पाय टाकावयाचा तेथें ठोकाच उरला नाहीं. त्याच्या वडिलांनीं छंदःशास्त्र वाचलेलें नाहीं. परंतु मात्रा कोठें चोरली गेली हें त्यांच्या पायांना कळलें.

मग पहिल्या रचनेंत ही चूक कां झाली नाहीं? जुन्या ड्रम-मशीनवरही घरें सोळाच होतीं. कारण असें कीं, त्या सोळांत आपलें गाणें मावत नाहीं हें त्याला तेथें लगेच दिसलें. मशीनवर त्यानें फक्त सरळ ठोका ठेवला आणि सहा मात्रांचें काम आपल्या हातांकडे घेतलें. पेटी अपुरी पडली म्हणून हात पुढें आला. सॉफ्टवेअर कोठेंच अपुरें पडलें नाहीं. म्हणून त्याला आपलें चुकतें आहे हेंही कळलें नाहीं.

येथें एका सूक्ष्म गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. रॉजर लिन यांच्या यंत्रांत दोन ठोक्यांच्या जोडींतील दुसरा ठोका किंचित् उशिरा पाडण्याची एक युक्ति आहे. तिला ‘स्विंग’ म्हणतात. जोडीच्या काळाचा ५० टक्के वांटा पहिल्या ठोक्याला दिला तर चाल सरळ. ६६ टक्के दिला तर दोनास एक, म्हणजे तिस्र जातीची डोलती चाल. आजच्या सॉफ्टवेअरांतही ही सोय आहे. परंतु ढोलकीवाल्याचा हात या दोन आंकड्यांच्या दरम्यान कोठें तरी असतो, आणि तो एका जागीं थांबतही नाहीं. गाणारणीनें श्वास घेतला कीं तो मागें सरकतो, नाच रंगला कीं पुढें येतो. मर्ढेकरांनीं कलाकृतीच्या लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे नियम सांगितले आहेत. घरांत अचूक बसविलेल्या ठोक्यांत संवाद भरपूर असतो, विरोध नसतो, आणि ज्यांत विरोधच नाहीं त्यांत समतोल तरी कशाचा साधावयाचा?

वाङ्मयाच्या वाचकांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. अनिलांनीं मुक्तछंद पुढें आणला तेव्हां, वृत्ताचें बंधन सुटलें, आतां कोणीही कवि होईल, असें भय पुष्कळांस वाटलें, आणि कोणीही कवि होईल म्हणून पुष्कळांस आनंदही वाटला. दोघेही फसले. चांगला मुक्तछंद लिहिणाऱ्यानें वृत्त टाकलें तरी लयीची जबाबदारी टाकली नाहीं. ती त्यानें ओळीओळीगणिक स्वतःवर घेतली. ज्यांनीं ती घेतली नाहीं त्यांची रचना मुक्त झाली नाहीं. ती ठराविक उसाशांची, ठराविक जागीं तुटणारी, एकसारखी झाली. वृत्त दिसतें, म्हणून त्याच्याशीं झगडतां येतें. रूढि दिसत नाहीं, म्हणून ती आपल्याकडून हवें तें लिहवून घेते. माझ्या मतें जुनीं यंत्रें वृत्तासारखीं होतीं. सॉफ्टवेअर मुक्तछंदासारखें होऊं शकतें. परंतु उघडल्याबरोबर जें समोर येतें तेंच स्वीकारणाऱ्याच्या हातीं तें रूढीसारखें होतें. आज हळदीच्या मांडवांतून ऐकूं येणाऱ्या शेंकडों रचना एकाच माणसानें केल्यासारख्या वाटतात, याचें कारण मला येथें दिसतें.

एवढें म्हटल्यावर सॉफ्टवेअरनें काय दिलें तेंही प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. नालासोपाऱ्याच्या एका खोलींत पांच-सहा माणसें राहतात. तेथें ताशा वाजवितां येत नाहीं. कानांत हेडफोन घालून ठेका मात्र रचतां येतो. ज्या मुलाला एक ड्रम-मशीन विकत घेणें आयुष्यांत शक्य नव्हतें, त्याच्यापुढें आज शंभर यंत्रें मांडून ठेवलेलीं आहेत. त्यांतलीं कित्येक चोरून उतरविलेल्या प्रतींतून आलेलीं असतात हें खरें, आणि तें समर्थनीय नाहीं. पण ज्यांना दार कधींच उघडें नव्हतें त्यांना तें उघडलें, ही वस्तुस्थिति त्यामुळें खोटी ठरत नाहीं. ए. आर. रहमान यांच्या १९९२ च्या ‘रोजा’पासून घरच्या स्टुडिओंतून किती उच्च दर्जाचें काम होऊं शकतें हें सर्वांनीं पाहिलें आहे. आणि उलट बाजूस, अजय-अतुल यांनीं २०१६ च्या ‘सैराट’साठीं अमेरिकेंत लॉस एंजेलिसला जाऊन वादकांच्या मोठ्या ताफ्याकडून संगीत वाजवून घेतलें, तें संगणकावर तसले ध्वनि मिळत नव्हते म्हणून नव्हे. शंभर गोष्टी हाताशीं असतां काय हवें तें त्यांना ठाऊक होतें.

दुसरी बाजू पोटाची आहे. बेंजो पार्टींत दहा-बारा माणसें असतात. कोणी दिवसा मासळीच्या धंद्यांत, कोणी रिक्षा चालविणारा, कोणी कारखान्यांत. लग्नसराईचे चार महिने आणि गणपति यांवर त्यांच्या घरचा वरखर्च भागतो. एक लॅपटॉप आणि दोन स्पीकर आले कीं यजमानाला दहा-बारा माणसांचें जेवण आणि बिदागी वांचते. माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांच्या हातून अशा कांहीं सुपाऱ्या गेल्या, आणि त्यांतली एक त्याच्याच लॅपटॉपनें नेली. हें त्यानें मला मान खालीं घालून सांगितलें. या बाबतींत कलेच्या नांवानें सांत्वन करणें मला प्रशस्त वाटत नाहीं. मुंबईच्या चित्रपटसृष्टींत मोठे वाद्यवृंद ओसरले तेव्हां शेंकडों वादकांचें जें झालें तेंच येथें लहान प्रमाणावर होत आहे, आणि कोणत्याही सौंदर्यशास्त्रानें तें भरून निघणारें नाहीं.

कांहीं महिन्यांनीं तो तिसरी रचना घेऊन आला. लॅपटॉप तोच, सॉफ्टवेअर तेंच. परंतु या वेळीं त्यानें पडद्यावरचीं घरें आधींच बाराचीं करून घेतलीं होतीं, आवाज सातांवर आणले होते, आणि ढोलकीची ओळ घरांत न बसवितां वडिलांकडून वाजवून घेऊन जशी आली तशी ठेवली होती. मागाहून ती ‘सरळ’ करण्याचा मोह झाला, पण केली नाहीं, असें तो म्हणाला. ही रचना निर्दोष नाहीं. शेवट कसा करावा हें त्याला अजून समजलेलें नाहीं. गाणें संपत नाहीं, नुसतें थांबतें. मधल्या कडव्यांत समुद्राची गाज पुन्हां डोकावते, ती तेथें नको होती. तरीही पहिल्या दोन्हींपेक्षां ही उजवी आहे, असें मी निःशंकपणें सांगतों. पहिलीत जी खरखर आणि अडखळ होती ती हिच्यांत नाहीं, आणि दुसरीत जी मात्रा हरवली होती ती हिच्यांत परत आली आहे.

म्हणून त्याच्या मूळ प्रश्नाला माझें उत्तर असें : पॅड विकलास म्हणून कांहीं बिघडलें नाहीं, पण पॅड जी अडचण तुझ्यापुढें उभी करीत असे ती आतां तुझी तुलाच उभी करावी लागेल. किती घरें, किती आवाज, कोणता ठोका हाताचा, हें सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वीं ठरव. आणि जे आपण मराठींत संगीतावर व काव्यावर लिहितों, त्या आम्हां सर्वांकडेही थोडा दोष येतो. हळदीच्या मांडवांतल्या या रचनांना गोंगाट म्हणून आपण कान झांकून घेतले. त्यांतली चांगली कोणती, वाईट कोणती, आणि कां, हें कोणीं मोजून सांगितलें नाहीं. ज्या परीक्षणाची त्या मुलाला गरज होती तें एका ढोलकीवाल्यानें एका वाक्यांत केलें. निदान तेवढें तरी आपल्याला करतां यावें.